चिठ्ठीवर आधी प्रश्न लिहा



श्रीपूरला परिषद भरते आहे आणि अध्यक्षाने उसाचं नाव न घेता भाषण उरकलं, तर ते बरं दिसणार नाही. चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने या माळावर साखर कारखाना आणला. इथल्या माणसाला उतारा, ब्रिक्स हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. त्याचा फायदा मी आज घेणार आहे.

वंध्यत्वावरच्या नव्या औषधांबद्दल दुपारी तज्ज्ञ बोलतीलच. मला बोलायचंय ते हार्मोन्सच्या रिपोर्टबद्दल. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं, की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. आपण उघडायच्या आत घरच्यांनी ती वाचलेली असते. ए.एम.एच. ०.८, आणि शेजारी ठळक अक्षरांत 'लो'. रात्रीच निकाल लागतो : हिच्यात बीजच नाही. सकाळी ती बाई ओपीडीत येते तेव्हा रडून मोकळी झालेली असते आणि आपण काय सांगतो यातलं निम्मंही तिच्या कानात शिरत नाही.

कारखान्याचा चिटबॉय उसाच्या फडात ब्रिक्स बघतो. त्यावरून गोडी कळते, एकरी टनेज कळत नाही. ए.एम.एच.चं बरोबर उलटं आहे. बीजांडकोशात साठा साधारण किती, इंजेक्शनं दिल्यावर किती अंडी हाती लागतील, एवढाच अंदाज त्यातून येतो. अंड्याचा दर्जा त्यात नाही. तो वयावर ठरतो. अमेरिकेत २०१७ साली ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ए.एम.एच. कमी होतं म्हणून त्यांना दिवस जायला जास्त अडचण आली, असं त्यात दिसलं नाही. आपल्याकडे येणाऱ्या बायका वेगळ्या, हे कबूल. पण घरात लागलेल्या त्या निकालाला आधार नाही, एवढं तरी आपण छातीठोक सांगू शकतो.

बरं, आकडाही एकटा नसतो, त्याला एकक असतं. लंडनच्या मावसबहिणीचा ए.एम.एच. ५.७ आणि हिचा ०.८ म्हणून एक मुलगी खचून जाते. तिकडे पिकोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, इकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. सात पटींचा फरक. दोघींचा साठा एकच! प्रोलॅक्टिन ताणाने आणि सुईच्या भीतीनेसुद्धा चढतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही हार्मोन्सच्या तपासण्या बिघडवतात, आणि ते विचारायचं आपल्याच लक्षात राहत नाही. पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन लाटांनी स्रवतं, तासाभरात कित्येक पट वरखाली होतं. योनीमार्गे गोळी चालू असेल तर गर्भाशयाला पुरेसं मिळूनही रक्तात कमी दिसू शकतं. आणि बीटा एचसीजी? पहिल्या आकड्यावर पेढेही वाटू नयेत नि सुतकही धरू नये. ४८ तासांनी तो कसा वाढला, ते बघायचं असतं.

मी तपासण्यांच्या विरोधात नाही. पहिली टेस्टट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्या जन्माआधी स्टेप्टो आणि एडवर्ड्स तिच्या आईची लघवी दर काही तासांनी एल.एच.साठी तपासत होते, कारण अंडं नेमकं केव्हा काढायचं ते त्यावर ठरणार होतं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बेबी हर्षा जन्मली, तिथेही प्रत्येक मोजमापाला पुढचं काम बांधलेलं होतं. आपण मात्र छापील पॅनेलवर सरसकट टिक मारतो. ज्या आकड्याने उपचार बदलणार नाहीत, तो मागवायचा कशाला? त्या बाईच्या झोपेची किंमत बिलात धरलेली नसते.

म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर मराठीत एक ओळ लिहावी : ही तपासणी कशासाठी, आणि आकडा कमी आला तर काय करू, जास्त आला तर काय. रक्त देण्याआधी ती वाचून दाखवावी. लॅबवाल्यांनी पाळीचा दिवस आणि चालू औषधं विचारून रिपोर्टवर छापावीत. नुसत्या 'लो'ने कोणाचंच भलं होत नाही. आशाताईंनी सासूबाईंना गाठावं, तिथे आमचं काही चालत नाही. आणि बाहेर मोटारसायकलपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत आत बोलवा. दीड वर्ष बायकोचं रक्त तपासून झाल्यावर त्याची वीर्यतपासणी सुचणं, ही आपल्या तालुक्यातली नित्याची गोष्ट आहे.

या चिठ्ठीचा मसुदा चहाच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्रानंतर तो ठराव म्हणून मांडू. दुरुस्त्या त्याआधी लेखी द्या.