यंत्राला शिकवले कोणी?



रुग्णालयांतील असंख्य नोंदी चाळून संगणक नवे ज्ञान शोधतो, आणि त्याला ना जात ना वर्ग, म्हणून तो निःपक्षपाती आहे, असे आपणांस सांगितले जाते. हा दावा अमेरिकेतील एका उदाहरणावर घासून पाहू.

तेथे कोणत्या रुग्णांस विशेष देखभाल द्यावी, हे ठरविण्यासाठी एक संगणकीय पद्धती सर्रास वापरली जात होती. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. निष्कर्ष २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आले. तीत वंशाची नोंद घेतलेलीच नव्हती. परंतु आजार किती, हे न मोजता उपचारांवर खर्च किती होईल, याचा अंदाज ती करीत होती. तेवढ्याच आजारासाठी कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होतो, कारण उपचार त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत. यंत्राने मात्र कमी खर्च म्हणजे कमी आजार, असे मानले! हा दोष काढला, तर विशेष देखभालीस पात्र रुग्णांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांना आढळले.

आपल्याकडेही २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली आरोग्यनोंदी जोडल्या जात आहेत. पण जो दवाखान्याची पायरी चढूच शकला नाही, त्याची नोंद कोठून येणार?

यंत्राला विरोध करणे हे आपले काम नव्हे. त्याला काय मोजावयास सांगितले, हे विचारणे आणि त्याची खुली तपासणी मागणे, हे आपले काम आहे.