पत्ता माहीत असलेलं खातं



समितीने विषय दिला, ‘बदलत्या काळात संस्था कशा टिकतात’. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली. तेव्हा पोस्टाबद्दलच बोलतो.

आपला ४४११०६ हा पिनकोड सगळ्यांना पाठ आहे. पहिला ४ म्हणजे आजचे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४४ म्हणजे विदर्भ. शेवटचे तीन आकडे आपल्या पोस्टाचे. एकाच नावाची कितीतरी गावं आणि पत्ते नाना लिप्यांत, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत आली. ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. आपण मेघदूताच्या रामगिरीवरचे, आपल्याला हे विशेष वाटायला नको! त्या यक्षानेही ढगाला आधी रस्ता समजावला, मग घराच्या खुणा सांगितल्या, निरोप अगदी शेवटी.

आता माझी चूक सांगतो. १९८६ साली स्पीड पोस्ट सुरू झालं, तोवर कुरियरवाले बाजारात आलेच होते. ‘हे दोन वर्षांत गाशा गुंडाळतील,’ असं मी खिडकीत बसून छातीठोकपणे सांगत असे. माझ्याकडे रोज रजिस्ट्री करणारा एक व्यापारी येईनासा झाला. बरं नसेल, असं मी धरून चाललो. पुढे कळलं, त्याच्या दुकानातून पाकीट उचलून न्यायला कुरियरचा पोरगा यायचा. सहा महिने गेले, पण मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. वरून परिपत्रक येईल तेव्हा बघू, ही आमची सवय.

खात्याने खटपटी पुष्कळ केल्या. २००२ साली पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापून पंचवीस पैशांत कार्ड काढलं. नाव काय, तर मेघदूत! साधं कार्ड तेव्हा पन्नास पैशांना होतं. कार्ड स्वस्त झालं, पण लिहिणारेच कमी होत होते. तार तर १५ जुलै २०१३पासून बंदच झाली. टिकलं ते घरोघर जाणं. २०१८ साली पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली, आणि पोस्टमन म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्यावर पैसे देऊ लागला. तो त्या उंबऱ्यावर आधीपासून जातच होता. आज मोबाइलवरून मागवलेली साडी कोणीही आणून देवो, खोक्यावर पिनकोड आमचाच असतो.

शाळेचा पट कमी होतोय, असं सकाळी सरांनी सांगितलं. समिती नवी इमारत, संगणक कक्ष यांवर बोलली. ते करावंच. पण जी मुलं आली नाहीत, त्यांच्या घरी कोणी गेलं होतं का? मी रिकामाच आहे, जूनमध्ये माझ्याबरोबर कोण येतं?

आणि हो, या संमेलनाची तेवीस निमंत्रणं ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली आहेत. जेवणाच्या मंडपाबाहेर मी वही घेऊन बसतो. पत्ता लिहून जा, पिनकोडसकट.