रंगाआधीचे चार तास



या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल आभार. आभारात फार वेळ घालवत नाही, कारण आपल्या धंद्यात वेळ दवडला की माल गंजतो. ब्लास्ट केलेल्या पोलादावर प्रायमर चढवायला निविदेत बहुधा चार तासांची मुदत असते. आज आपण ज्या कोकणात जमलो आहोत, तिथे दमट दिवशी त्याच्या कितीतरी आधी पत्र्यावर तांबूस झाक धरते. मला बोलायचे आहे ते या चार तासांबद्दल, आणि त्याआधी नोझल धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल. रंगाबद्दल बोलायला रंगकंपन्यांचे प्रतिनिधी आहेतच, आणि ते माझ्याहून गोड बोलतात.

वाळूचा झोत मारून कठीण पृष्ठभाग खरवडायचे पेटंट अमेरिकेतल्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० साली घेतले. त्यानंतर कॉम्प्रेसर बदलले, पॉट बदलले, वाळूच्या जागी ग्रिट, शॉट, कॉपर स्लॅग, गार्नेट आले. मूळ क्रिया मात्र तीच राहिली: हवेच्या जोरावर कण आपटायचे, गंज आणि मिल स्केल उडवायचे आणि पोलादाला रंग पकडेल इतका खरखरीतपणा द्यायचा. हा खरखरीतपणा साधारण ५० ते ७५ मायक्रॉनचा मागतात. त्याहून फार खोल गेला की शिखरे प्रायमरच्या वर डोके काढतात आणि तिथूनच गंजाला वाट मिळते. उथळ राहिला तर रंगाचे पोपडे निघतात.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हे ठरवायला स्वीडनच्या लोकांनी छायाचित्रांची पुस्तिका काढली. तीच पुढे आयएसओ ८५०१-१ मध्ये आली. आपण साइटवर ज्याला ‘एसए अडीच’ म्हणतो ते तिथलेच. पुस्तिका उत्तम आहे, पण ती डोळ्यांना दिसते तेवढेच सांगते. समुद्राकाठच्या जुन्या लोखंडावर गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि त्या खड्ड्यांच्या तळाशी क्षार घट्ट बसलेले असतात. ब्लास्टिंगने वरचा गंज जातो, पत्रा राखाडी होतो, इन्स्पेक्टर छायाचित्राशी ताडून सही करतो. क्षार मात्र खालीच असतात. ते रंगाच्या थरातून ओलावा ओढून घेतात आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. मग बैठक बसते. कंत्राटदार रंगाला दोष देतो, रंगकंपनी कंत्राटदाराला, आणि बिल थकते ते ब्लास्टरचे.

यावरचा उपाय महागडा नाही. आधी गोड्या पाण्याने जोरात धुवा, मग ब्लास्ट करा, मग ब्रेसल पट्टी लावून क्षार मोजा. जास्त निघाले तर पुन्हा धुवा. धुण्याचे पाणीही तपासा. किनाऱ्यालगतच्या बोअरचे मचूळ पाणी वापरून क्षार धुणारे महाभाग मी पाहिले आहेत. हे सगळे होईपर्यंत हवेकडेही लक्ष हवे. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसले, तर गन खाली ठेवायची. जून ते सप्टेंबर उघड्यावर ब्लास्टिंगचे वेळापत्रक आखणाऱ्याने एकदा आषाढात दापोलीला राहून पाहावे.

आता त्या माणसाकडे येतो. टाकीच्या पोटात तो शिरतो तेव्हा अंगावर चामड्याचा एप्रन, हातमोजे, डोक्यावर हवेची नळी जोडलेले हेल्मेट. नोझलशी १०० पीएसआयच्या आसपास दाब. होजचा धक्का सतत छातीवर. आत धूळ इतकी की स्वतःचा हात दिसत नाही. तो कानाने काम करतो. मिल स्केलवर कण आपटतात तो आवाज वेगळा, साफ पत्र्यावरचा वेगळा. मनगट किंचित वळवून तो झोत तिरपा करतो, स्केलचा पापुद्रा कडेने उचलतो आणि वेल्डजवळ आला की अंतर कमी करतो. अँगलच्या पाठीमागे, बोल्टच्या खाली, जिथे इन्स्पेक्टरचा आरसासुद्धा पोचत नाही, तिथे झोत न्यायचा की नाही हे फक्त त्यालाच ठाऊक असते. पुलाचे आयुष्य नेमके तिथे ठरते, आणि या माणसाला आपण हजेरीवर किंवा चौरस मीटरच्या भावाने राबवतो. वेल्डरची परीक्षा होते, प्रमाणपत्र तपासल्याशिवाय त्याला होल्डर मिळत नाही. ब्लास्टरच्या बाबतीत मात्र काल गावाहून आला आणि आज नोझल हातात, असे चालते.

त्याच्या फुप्फुसांचे काय? वाळूचा कण आपटून फुटला की सिलिकाची इतकी बारीक धूळ होते की ती थेट फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगमध्ये सिलिका वाळू वापरण्यावर १९४९ मध्येच बंदी घातली. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घेतला होता. तरीही लहान साइटवर नदीची वाळू चाळून पॉटमध्ये भरतात आणि ब्लास्टर तोंडाला गमछा बांधून उभा राहतो. गमछ्याने ही धूळ अडत नाही. हेल्मेट असले तरी त्यात येणारी हवा डिझेल कॉम्प्रेसरची. फिल्टर नसेल आणि धुराड्याचे तोंड हवा ओढण्याच्या बाजूला असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइड ओढत उभा असतो. इथे बसलेल्या मालकांपैकी कितींनी ती हवा तपासून घेतली आहे? हात वर करायला सांगत नाही.

पैशाचे म्हणाल, तर काटकसर आपण नको तिथे करतो. ८ मिलिमीटरचे नोझल झिजून १० मिलिमीटरचे झाले की हवा दीडपटीहून अधिक लागते. कॉम्प्रेसर तेवढी देऊ शकत नाही, दाब पडतो, काम निम्म्यावर येते आणि डिझेल तेवढेच जळते. नोझलजवळ होजमध्ये सुईचा गेज टोचून दाब बघायला मिनिट लागते. पण नवे नोझल मागितले की स्टोअरवाला असा चेहरा करतो, जणू घरचे सोने मागितले.

स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या रेल्वे पुलाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पूल १८९० साली सुरू झाला. एका टोकापासून रंगवत दुसरे टोक गाठेपर्यंत पहिले टोक पुन्हा रंगायला येते, ही त्याची दंतकथा. २०११ च्या अखेरीस ते रंगकाम संपल्याचे जाहीर झाले. नवा रंग ग्लासफ्लेक इपॉक्सीचा होता हे सगळे सांगतात. त्याआधी पुलाचा एकेक भाग मांडव घालून झाकला, जुने थर ब्लास्ट करून उघड्या पोलादापर्यंत नेले आणि मगच तीन थर चढवले, हे कमी लोक सांगतात. तो रंग पंचवीस वर्षे टिकण्याची अपेक्षा त्या झाकलेल्या मांडवातल्या कामावर उभी आहे.

आपल्याकडे १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. गर्दी झाली होती, धोक्याचा फलकही लावलेला होता. सारा दोष गंजावर टाकणे बरोबर होणार नाही. पण अशा छोट्या पुलांना, पाण्याच्या टाक्यांना, साखर कारखान्यांच्या सांगाड्यांना दर काही वर्षांनी जुन्या गंजावरच रेडऑक्साइडचा हात मारला जातो आणि ‘देखभाल झाली’ अशी नोंद होते. त्या हाताने गंज दिसेनासा होतो, तपासणाऱ्यालाही.

म्हणून निविदेत पृष्ठभागाची तयारी ही रंगापासून वेगळी बाब लिहावी, तिचा दर वेगळा असावा आणि बिलही वेगळे निघावे. ब्लास्टिंगनंतर इन्स्पेक्टरची सही पडल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नये. ही सही क्षार, धूळ आणि खरखरीतपणा मोजूनच व्हावी. कडांना आणि वेल्डना ब्रशने आधीचा एक हात द्यावा, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो. आणि ब्लास्टरची परीक्षा घ्यावी, त्याला प्रमाणपत्र द्यावे, वेल्डरच्या पंक्तीत बसवावे. या अर्थाचे ठराव दुपारी खुल्या सत्रात येतील. दर वाढतील म्हणून विरोध होणार हे दिसतेच आहे. विरोधकांनी आपल्या शेवटच्या तीन दुरुस्तीकामांची बिले सोबत आणावीत, म्हणजे वाद लवकर मिटेल.

चहानंतर मागच्या पटांगणात ब्लास्टिंगचे प्रात्यक्षिक आहे. नोझल धरणाऱ्या चौघांना आयोजकांनी पाहुणे म्हणून बोलावले आहे. प्रश्न त्यांनाच विचारा. जाताना दारापाशी कानात घालायचे बोळे ठेवलेत, ते घेऊन जा.