गुप्तधनाचे मोल कसे ठरते?

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पाया उकरावा लागतो, आणि पाया उकरू लागले की गावात एक कुजबुज हटकून सुरू होते. कुणी म्हणतो, गाभाऱ्याखाली मोहरांचा हंडा आहे. कुणी म्हणतो, त्यावर नाग राखणीला बसला आहे. कुणी एखाद्या पायाळू माणसाची आठवण काढतो. पारावरच्या गप्पांपुरते हे सारे ठीक आहे. पण याच गुप्तधनाच्या हव्यासापायी माणसे मांत्रिकांच्या नादी लागली, नरबळीपर्यंत गोष्टी गेल्या आणि अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, हेही विसरून चालणार नाही.

मांत्रिक आणि नाग बाजूला ठेवले तरी खरा प्रश्न उरतोच. समजा, कुदळीला खरोखरच हंडा लागला. तो कोणाचा? त्याचे मोल कोण ठरवणार? आणि ज्याने तो इमानाने सरकारच्या स्वाधीन केला, त्याच्या पदरात काय पडणार? या प्रश्नांचा इंग्लंडमध्ये फार बारकाईने विचार झालेला आहे. तेथे घडलेल्या दोन हकिकती प्रथम ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली हकिकत थेटफर्ड या गावची, १९७९ सालची. तेथे बांधकामासाठी मोकळ्या केलेल्या जागेवर एका माणसाला धातुशोधक यंत्राच्या साह्याने रोमन काळातला ठेवा सापडला. त्यात सोन्याच्या २२ अंगठ्या आणि चांदीचे ३३ चमचे होते. त्याने जागेची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून त्याने ही गोष्ट काही महिने दडवून ठेवली. ती बाहेर फुटली तेव्हा त्या जागेवर इमारत उभी राहिली होती. चमच्यांवर फॉनस नावाच्या देवाचे नाव कोरलेले आहे. हा रोमन लोकांचा रानावनाचा आणि गुराढोरांचा देव. तेव्हा हा ठेवा त्याच्या भक्तांचा असावा असे विद्वान मानतात. पण तो जमिनीत कसा पुरला होता, पेटीत होता की मडक्यात, त्याच्या आसपास काय होते, हे पाहण्याची संधी कायमची गेली. जाणकारांनी ठेव्याची किंमत २,६१,५४० पौंड ठरविली. बक्षीस मात्र त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ८७,१८० पौंड एवढेच मंजूर झाले. दोन हिस्से लपवाछपवीपायी गेले.

दुसरी हकिकत हॉक्सन या खेड्यातली, नोव्हेंबर १९९२ मधली. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या एका स्नेह्याला तो शोधून देण्याची विनंती केली. हा स्नेही नोकरीतून निवृत्त झालेला माळी होता आणि त्याच्याजवळ धातुशोधक यंत्र होते. हातोडा शोधता शोधता यंत्र वाजले आणि जमिनीतून सोन्याचांदीची नाणी वर येऊ लागली. त्या माणसाने थोडे उकरले आणि हात आवरला. शेतमालकाला व पुरातत्त्व खात्याला त्याने लगेच वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञ येऊन पोहोचले. त्यांनी तो ठेवा मातीसकट, जसा होता तसा, काळजीपूर्वक काढला. सुमारे १५,००० नाणी आणि दागिने व चांदीची भांडी मिळून आणखी सुमारे २०० वस्तू त्यात होत्या. लाकूड कुजून गेले होते, तरी हे सारे एका पेटीत आणि आतल्या लहान डब्यांत कसे रचले होते, ते तज्ज्ञांना सांगता आले. किंमत ठरली १७ लाख ५० हजार पौंड, आणि ती पूर्ण मिळाली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे बक्षिसाचा हक्क सापडविणाऱ्याचा एकट्याचा होता. तरीही त्याने शेतकऱ्याला त्यात वाटा दिला. तो हरवलेला हातोडाही सापडला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला.

दोन्ही ठेवे रोमन काळाच्या अखेरचे आणि इंग्लंडच्या एकाच पूर्व भागातले. फरक पडला तो माणसाच्या वागण्यामुळे. आणि बक्षीस ठरविणाऱ्यांनी हा फरक पैशाच्या रूपाने दाखवून दिला.

आता ही किंमत ठरते कशी, ते पाहू. पूर्वी तेथे अशा ठेव्याची किंमत संग्रहालयच ठरवीत असे आणि संग्रहालयच तो घेत असे. घेणाऱ्यानेच भाव ठरवायचा, यावर लोकांचा भरवसा कसा बसावा? म्हणून १९७७ साली एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली. पुढे १९९६ साली नवा कायदा झाला, तो सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला आणि आजची मूल्यांकन समिती काम करू लागली. तिच्यात पुराणवस्तूंचा व नाण्यांचा बाजार जाणणारी माणसे असतात, संग्रहालयाच्या कामातली आणि विद्याव्यासंगी माणसे असतात, तसेच धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांची बाजू ठाऊक असलेली माणसेही असतात.

कामाची रीत अशी आहे. ठेवा सापडला की १४ दिवसांच्या आत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. वस्तू कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही हे तो ठरवितो. ती कोणत्याच संग्रहालयाला नको असेल तर परत दिली जाते. हवी असेल तर बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडून किमतीचा अंदाज मागवतात. हा अंदाज गुलदस्तात राहत नाही. तो सापडविणारा, जमीनमालक आणि संग्रहालय या तिघांनाही पाठवितात. कुणाला तो कमी वाटला वा जास्त वाटला, तर आपला अंदाज व पुरावा मांडण्याची मुभा असते. मग समिती वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवून पाहते, सर्वांचे म्हणणे वाचते आणि आपली शिफारस करते. त्यावरही कुणी नाराज असेल तर फेरविचार मागता येतो आणि शेवटी मंत्र्याकडे दाद मागता येते.

भावाची कसोटी एकच आहे. ही वस्तू उघड बाजारात आली असती, विकणारा राजी आणि घेणाराही राजी असता, तर सौदा कितीला ठरला असता? त्यासाठी तशाच वस्तू लिलावात कोणत्या बोलीला गेल्या हे पाहतात. वस्तू किती दुर्मिळ आहे, किती शाबूत आहे, याचा विचार करतात. सोने किती तोळे भरले एवढ्यावर काही ठरत नाही. सराफाच्या पेढीवर मोडीचा भाव वेगळा आणि घडणावळीचा वेगळा, हे गृहिणींना सांगायला नको. येथे घडणावळीच्याही पलीकडचे काही असते. ते म्हणजे वस्तूचे वय आणि तिची हकिकत.

किंमत ठरली की वाटणी येते. नव्या व्यवस्थेत सापडविणारा आणि जमीनमालक यांना साधारणपणे निम्मे निम्मे मिळते. कुणी परवानगीवाचून दुसऱ्याच्या रानात शिरला असेल, वर्दी द्यायला उशीर लावला असेल किंवा सापडल्याची जागा खोटी सांगितली असेल, तर त्याचा हिस्सा कापतात. पगारी पुरातत्त्वज्ञाला खोदताना ठेवा सापडला तर त्याला बक्षीस नाही, कारण ते त्याचे कामच आहे. आणि पुष्कळ माणसे आपला हिस्सा आपण होऊन सोडून देतात, वस्तू संग्रहालयाला तशीच अर्पण करतात.

हे पैसे येतात कोठून, हे देणगीदारांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. जे संग्रहालय वस्तू घेते, त्यानेच रक्कम उभी करायची असते. २००९ च्या जुलैमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातले सोन्याचे फार मोठे घबाड सापडले. त्यात तलवारींच्या मुठींचे अलंकार बहुसंख्य होते. समितीने किंमत ठरविली ३२ लाख ८५ हजार पौंड. बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंट या दोन शहरांच्या संग्रहालयांनी मिळून ते घ्यायचे ठरविले. राष्ट्रीय वारसा निधीने १२ लाख ८५ हजार पौंड दिले. उरलेल्या रकमेसाठी लोकांना आवाहन करण्यात आले. घबाड पाहण्यासाठी रांगा लागल्या आणि रांगेतल्या माणसांनी ऐपतीप्रमाणे पैसे टाकले. २०१० च्या मार्चमध्ये रक्कम पुरी झाली. देवळाच्या कळसासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

या व्यवस्थेलाही चोर चुकत नाहीत. २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघांना सुमारे ३०० जुन्या नाण्यांचा ठेवा सापडला असावा. त्यांनी तो कळविला नाही, नाणी परस्पर विकायला काढली. २०१९ साली दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सरळ मार्गाने गेले असते तर जमीनमालकाबरोबर मोठ्या बक्षिसाचे धनी झाले असते. बहुतेक नाणी आजवर मिळालेली नाहीत.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात या बाबतीत १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविले पाहिजे, असे तो सांगतो. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून हक्क सांगणाऱ्यांना मुदत देतो. ठेवा बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडविणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. वर्दी न देता दडविणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. वाट्याच्या बाबतीत हा कायदा सापडविणाऱ्याला इंग्लंडपेक्षाही उदार आहे.

मात्र मोलाच्या बाबतीत त्याचा तराजू सराफाचा आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन तो घेता येतो. उदाहरणार्थ, तांब्याच्या एखाद्या नाण्यात पन्नास रुपयांचा धातू असेल, तर या हिशोबाने त्याचे साठ रुपये झाले. तेच नाणे दुर्मिळ असेल तर हौशी संग्राहक त्याचे कितीतरी पट पैसे मोजील. अशा वेळी गरीब माणसाचे मन डळमळले तर दोष सारा त्याचाच म्हणता येईल काय? नाणी गुपचूप मुशीत जातात, मूर्ती परगावच्या दलालाकडे जातात, आणि गावाचा इतिहास गावालाच कळत नाही.

मोडीच्या भावाने काय काय गेले असते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. दर तीन नाण्यांत दोन नाणी जेत्याच्या छापाची! नहपानाचा पराभव झाला, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. हीच नाणी चार चार करून सराफकट्ट्यावर गेली असती, तर चांदी उरली असती आणि साक्ष बुडाली असती.

दुसरे उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे, त्या वेळच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे मिळाली. बैल जुंपलेला रथ व त्यात उभा हाकणारा, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोच्या वर. पुष्कळ विद्वान ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तांबटाच्या तराजूत घातली तर हा भांड्यांच्या मोडीचा एक ढीग. प्राचीन भारताच्या इतिहासात मात्र या चार वस्तूंना तोड नाही. एका कष्टकरी माणसाच्या कुदळीने हे धन देशाला दिले.

यावरून गावाने घ्यायचा बोध साधा आहे. देवळाच्या आवारात, विहिरीच्या खोदाईत किंवा शेतात काही जुने सापडले तर खोदकाम तेथेच थांबवावे. वस्तू चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करू नये, कारण त्या किटणातही तिचे वय लिहिलेले असते. किती खोलीवर, कोणत्या बाजूला, कशाशेजारी मिळाली ते लिहून ठेवावे आणि पाच जणांसमोर पंचनामा करावा. तलाठी व तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्याला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. अर्जाची पोच घ्यावी, आणि त्यात ज्याच्या हाताला वस्तू लागली त्याचे नाव, मग तो गवंडी असो वा रोजंदारीवरची बाई असो, अवश्य घालावे. शिलालेखाच्या दगडावर तेलरंग फासू नये, तो फोडून पायात घालू नये. ताम्रपट असेल तर तो सोन्याचा नाही म्हणून अडगळीत टाकू नये.

सरकारकडे मागायची गोष्टही एकच आहे. जुन्या वस्तूचे मोल वजनावर न ठरविता जाणकारांनी ती हातात घेऊन, सर्वांचे ऐकून, उघडपणे ठरवावे. इमानाला रास्त भाव मिळाला तर लपविण्याचे कारणच उरत नाही. इंग्लंडचा तो हातोडा संग्रहालयात ठेवला आहे तो याच गोष्टीची आठवण म्हणून शोभतो.

या स्मरणिकेत लाखाच्या देणगीशेजारी अकरा रुपयांची देणगीही नावानिशी छापली जाते. तशीच नोंद कुदळ मारणाऱ्या हाताचीही व्हावी आणि या भूमीत जे पुरले आहे ते प्रामाणिक माणसाच्याच हाताने उजेडात यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.