मागच्या रांगेतली वही
(तुर्भे, नवी मुंबई इथल्या युवक शिबिरातलं भाषण)



मागच्या रांगेत, पंख्याखाली, निळ्या शर्टातले एक दादा बसलेत. त्यांना चहा द्या. आल्यापासून वहीत लिहितायत, हात दुखत असेल. ते कुठून आलेत हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. आज मला त्यांच्याच धंद्यावर बोलायचंय. ती वही पुढं जाते कुठं?

प्रत्येक पोलीस ठाण्यात गोपनीयचा अंमलदार असतो. मोर्चा, जयंती, गाण्याचा कार्यक्रम, कोण बोललं, किती पोरं जमली, सगळं तो टिपतो. ते विशेष शाखेत जातं. वर राज्य गुप्तवार्ता विभाग. त्याच्याही वर दिल्लीची आयबी, केंद्रीय गृहखात्याखाली. आयबीला अटक करता येत नाही. ती फक्त ऐकते. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर मंत्रिगटानं शिफारस केली आणि २००१ साली आयबीच्याच पोटात 'मॅक', मल्टी एजन्सी सेंटर उघडलं. सगळ्या यंत्रणांची दहशतवादाची माहिती एका जागी यावी म्हणून. राज्याराज्यांत त्याच्या उपशाखा निघाल्या.

हे झाले कान. हात वेगळे. १९९० च्या सुमाराला मुंबईपुरतं एक दहशतवादविरोधी पथक होतं, ए. ए. खान यांचं. ते लोकांना लोखंडवालाच्या गोळीबारानं माहीत. आजची एटीएस २००४ ची, साऱ्या महाराष्ट्राची. काळाचौकीला तिचं स्वतःचं ठाणं आहे. ती पकडते, कोठडीत ठेवते, जबाब घेते. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेनं एनआयए उभी केली. ती दिल्लीहून येते आणि राज्याच्या हातातला खटला उचलून नेते. आणि खारघर ओलांडलं की तळोजा जेल. वहीचा रस्ता कधीकधी तिथवर जातो.

आता मूळ बघा. आयबीचा बाप म्हणजे १८८७ ची सेंट्रल स्पेशल ब्रँच. ती जोडली कुणाला? ठगी आणि डकैती खात्याला. १८७१ च्या कायद्यानं ज्या राज्यकर्त्यांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांनीच राजकारण करणाऱ्यावर नजर ठेवायचं काम त्या खात्याच्या ओटीत टाकलं. पारध्याच्या पोराची हजेरी आणि सभेतल्या वक्त्याची नोंद, दोन्ही एकाच डोक्यातनं निघाल्या. ब्रिटिश गेले, खातं राहिलं. आयबीसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २०११ साली मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं, ते बारगळलं. माहितीच्या अधिकारात विचाराल तर कलम २४ पुढं करतात. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांची पायमल्ली सोडली तर आयबीला उत्तर द्यायचं बंधन नाही. म्हणजे आपण रेशनकार्डाला पाच पुरावे द्यायचे आणि हे खातं एका पुराव्यावाचून सव्वाशेच्या वर वर्षं चालणार!

गंमत सांगतो. १९८२ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला. उघडून बघा. वर्तमानपत्रांच्या कात्रणांबरोबर मुंबई पोलिसांचे गुप्त गोषवारे आहेत त्यात. बाबासाहेब कुठं, काय बोलले, साहेबाच्या माणसानं मागं बसून टिपलेलं. आपला इतिहास आपण लिहिला नाही तेव्हा पोलिसानं लिहिला. त्याच्या भाषेत.

कुणी म्हणेल, मग बॉम्ब फुटू द्यायचे का? नाही भावांनो. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० च्या वर माणसं गेली. कुणाची तरी आई ठाण्यात फोटो घेऊन उभी राहिली. २६ नोव्हेंबर २००८ ला एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबची बंदूक अंगावर धरून ठेवली. त्या माणसांपुढं मी मान झुकवतो. पण राम प्रधान समितीसमोर काय आलं? समुद्रातून हल्ल्याचे इशारे आधीच आले होते. कागद पोचले होते. ते जिथं पोचले तिथं हललं कोण? माझा राग तिथं आहे. समुद्राकडं बघायला माणूस नाही, आणि आमच्या शाहिरीला मात्र दोन-दोन.

आणि हात कसे चालले? लोकलच्या स्फोटांत एटीएसनं तेरा माणसं धरली, मोक्का लावला. २०१५ साली बारा दोषी, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं बाराच्या बारा सोडले. कबुलीजबाब छळ करून घेतलेले, विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, म्हणाले. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. एकजण निकालाआधीच कोठडीत मेला होता. मालेगाव, २००६. नऊ मुसलमान पोरं आत, २०१६ ला दोषमुक्त. मालेगाव, २००८. करकरेंच्या एटीएसनं दुसऱ्या बाजूची माणसं धरली. पुढं खटला एनआयएकडं गेला, ३१ जुलै २०२५ ला सातही निर्दोष. मग मारलं कुणी? मेलेल्यांच्या घरी जाऊन हे कोण सांगणार?

आता आपल्याकडं या. २०११ साली याच एटीएसनं पुण्याच्या कबीर कला मंचाचे दीपक डेंगळे, सिद्धार्थ भोसले यांना यूएपीएखाली उचललं. गाणारी पोरं. जानेवारी २०१३ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला. नुसती एखाद्या विचाराविषयी सहानुभूती म्हणजे बंदी असलेल्या संघटनेचं सभासदत्व नव्हे, असं न्यायमूर्ती ठिपसेंनी स्पष्ट केलं. हे कळायला तुरुंगातली दीड वर्षाच्या वर गेली. २०२० मध्ये त्याच मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर एनआयएनं धरले, आणि तळोजा.

आमच्या जथ्यात एक ढोलकीवाला होता. त्याला कंपनीत नोकरी लागली, पोलीस पडताळणी मागितली. एका ठाण्यात त्याला सांगितलं, तुझं नाव कार्यक्रमांच्या यादीत आहे. गुन्हा नाही, केस नाही, नुसती यादी! आठ खेपा घातल्या पोरानं. शेवटी ढोलकी माझ्या घरी आणून ठेवली. म्हणाला, दादा, आईचं औषध चालू आहे. मी त्याला काय सांगणार? अजून खिळ्याला लटकतेय ती.

निळ्या शर्टातल्या दादांचं एक सांगायचं राहिलं. ते आपल्यातलेच आहेत. बाबासाहेबांच्या घटनेमुळं खाकी मिळाली, घरी तोच फोटो. मागच्या वेळी रिक्षा स्टँडवर भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही फार भरभर बोलता. माझं अर्धं सुटतं, वरचे झापतात. लिहूनच आणत चला ना."

म्हणून यावेळी लिहून आणलंय. एक प्रत मागं द्या.