नाव न घेतलेले झाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नोएडा येथे दिलेले व्याख्यान)



माहितीपट करणाऱ्याने चित्रपट दाखवावा, भाषण करू नये, अशी माझी समजूत आहे. परंतु कार्यकारिणीचा आग्रह मोडवेना. म्हणून जे मी पडद्यावर दाखविले नाही, त्याविषयीच चार शब्द बोलतो.

काही वर्षांपूर्वी डहाणू तालुक्यातील एका वारली पाड्यावर आम्ही एका वृद्ध धवलेरीवर माहितीपट करीत होतो. वारली समाजात लग्न लावण्याचा मान परंपरेने धवलेरीचा. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी गाण्यांतून विधी पार पाडते. येथे पौरोहित्य स्त्रीच्या कंठात आहे. १९७०च्या दशकात वारली चित्रे कागदावर उतरली व पुढे जगभर गेली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चौकापुढे गाणारी ती बाई अंधारातच राहिली. तिच्यावर उजेड पडावा, एवढाच आमचा हेतू होता.

आमची ही आजी झाडपाल्याचीही जाणकार होती. रानातून चालताना ती मोकळेपणी सांगे : कुड्याची साल हगवणीवर, निरगुडीचा पाला सुजलेल्या सांध्यांवर, अडुळसा खोकल्यावर. एका झुडपापाशी मात्र ती थांबली, हात जोडले, आणि कॅमेरा खाली ठेवावयास सांगितले. मी कारण विचारले. ती म्हणाली, "नाव सांगला का गुण गेला."

मनातून मी रागावलो. ही बाई गेली की तिच्याबरोबर ही विद्याही जाणार. मग हा हट्ट कशासाठी? आणि येथे एक कबुली दिली पाहिजे. कॅमेरा खाली गेला होता, पण बंद झालेला नव्हता. झुडूप, मूळ, तिचे हात, सारे त्यात आले होते.

नोएडाच्या फिल्म सिटीतील संकलनाच्या खोलीत ते दृश्य मी कितीदा पाहिले असेल! संपूर्ण चित्रपटात त्याच्या तोडीचे दुसरे नव्हते. ते ठेवावे, असेच सर्वांचे मत पडले.

त्या दिवसांत मेक्सिकोतील मारिया साबिना हिची हकीगत मला आठवत राहिली. माझातेक जमातीची ही वैदू स्त्री रात्री मंत्रगीते गात रानातील पवित्र अळंब्यांच्या साह्याने रोग्याच्या दुखण्याचे कारण शोधी. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन गृहस्थाला तिने त्या विधीत बसू दिले. १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. तिचे नाव त्याने बदलले होते. तरीही जगाने तिचे गाव शोधून काढले. परक्यांची रीघ लागली, गावकरी तिच्यावर रुष्ट झाले, तिचे घर जाळले गेले. १९७९ मध्ये निकोलास एचेव्हारिया यांनी तिच्यावर माहितीपट केला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. परके आल्यापासून अळंब्यांची शक्ती गेली, अशी खंत ती बोलून दाखवी. १९८५ मध्ये ती वारली. डहाणूची आजी आणि ही मारिया यांच्यामध्ये सात समुद्र; पण बोलणे एकच.

आपल्याजवळचेच उदाहरण घ्या. आपली गुळवेल इकडे गिलोय या नावाने ओळखली जाते. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की, दिसावयास तशीच असलेली दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद तज्ज्ञांचा आहे. मला उमगले ते इतकेच की, वेल सर्वांच्या हाती गेली, पण वेल ओळखणारी नजर तिच्याबरोबर गेली नाही.

ते दृश्य मी काढून टाकले.

चित्रपट पुरा झाल्यावर पाड्यावर पडदा लावून तो दाखविला. त्या झुडपाच्या जागी आजी पाठमोरी रानात शिरताना दिसते, इतकेच. खेळ संपल्यावर मी तिला सारे खरे सांगितले. ती रागावली नाही. शेजारी बसलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिला दाखवलाय." विद्या बुडणार, ही चिंता माझी होती, तिने तिची तजवीज केव्हाच केली होती. जी मुलगी ते मूळ जपून काढील, आणि चुकली तर पाड्याला जाब देईल, तिच्याच हाती ती देत होती.

त्या रात्री मला माझ्या आईची सहाण आठवली. बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ असते, हे मला ठाऊक आहे. परंतु कोणत्या महिन्याच्या बाळाला कशाचे किती वळसे, हे मी तिला कधी विचारले नाही. दिल्लीस येऊन मी सबंध देशातल्या आयाबायांच्या मुलाखती घेतल्या. आईपुढे मात्र बसलो नाही. आता ती नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या माता, सासवा सुदैवाने आज या सभागृहात बसल्या आहेत. दिवाळीच्या सुटीत त्यांचे बोलणे यंत्रात भरून ठेवण्याची घाई करू नका. मुलांना त्यांच्यापाशी बसवा, सहाण हाती द्या. काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, ते त्यांचे त्या ठरवतील.