सोल्डरिंग स्टेशन घेताय? नाव वाचू नका, यंत्र पारखा

एलईडी बल्ब जोडणं, बंद पडलेले बल्ब दुरुस्त करणं, सौर दिवे तयार करणं ही कामं आता कितीतरी बचत गट करतात. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी भगिनींनी तर आय.आय.टी. मुंबईच्या मदतीनं सौर दिव्यांचं काम शिकून स्वतःचा कारखाना उभा केला. या सगळ्या कामात डाख द्यावा लागतो, म्हणजेच सोल्डरिंग करावं लागतं. काम वाढलं की साध्या आयर्नऐवजी आपण सोल्डरिंग स्टेशन घेतो. त्यात उष्णता कमी-जास्त करायचं बटण असतं. आज बोलायचंय ते या स्टेशनच्या बनावट मालाबद्दल.

आधी आमचीच फजिती सांगते. आमच्या गटानं बचतीतले पैसे काढून शहरातून एक स्टेशन आणलं. वर परदेशी कंपनीचं नाव, खोका चकचकीत. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी अर्ध्या किमतीत." बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर घेतलं तर महाग पडेल." आम्ही गप्प बसलो. महिन्याभरात बल्ब परत यायला लागले, कारण डाख नीट धरतच नव्हता. मग पावसाळ्यात ओल्या फरशीवर बसून काम करताना आमच्या एका वहिनीच्या हाताला झटका बसला. देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "बिल कुठंय?"

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. नाव, रंग आणि खोका यांची नक्कल कुणीही करतो. नकली माल उघडा पडतो तो आतल्या कामात. आणि ते काम पैसे देण्याआधी, दुकानातच तपासता येतं.

पहिली गोष्ट, मॉडेल. जपानच्या हक्को कंपनीचं ९३६ हे स्टेशन खूप चाललं, म्हणून त्याच्या नकलाही खूप झाल्या. कंपनीनं ते बनवणं केव्हाच बंद केलंय. त्यामुळे आज कुणी त्या नावाचं "नवं कोरं ९३६" दाखवलं तर सावध व्हा. मात्र हेही लक्षात ठेवा, की स्वतःच्या नावानं विकलं जाणारं स्वस्त स्टेशन म्हणजे बनावट नव्हे. दुसऱ्याचं नाव लावलं की तो माल बनावट.

दुसरी, लेबल. स्पेलिंग चुकलंय का, खोक्यावरचा आणि यंत्रावरचा नंबर एकच आहे का, हे बघा. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. लेबलावर ११० लिहिलं असेल तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही.

तिसरी, वजन. या जातीच्या स्टेशनच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचे साधारण २४ करून हातातल्या आयर्नला देतो. म्हणून डबा किलोच्या वर भरतो. खेळण्यासारखा हलका लागला तर विचारा, "आत ट्रान्सफॉर्मर आहे का?" तो नसला तर घरातली वीज थेट आयर्नपर्यंत येत असू शकते.

चौथी तपासणी सगळ्यात महत्त्वाची, ती अर्थिंगची. मल्टिमीटर सोबत न्या. प्लग बोर्डातून काढलेलाच हवा. मीटर बीप वाजण्याच्या खुणेवर ठेवा. एक टोक प्लगच्या जाड पिनला आणि दुसरं आयर्नच्या बिटला लावा. बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर अर्थिंग नाही. आता प्लग बाहेरच ठेवून स्टेशनचं बटण चालू करा आणि दोन्ही बारीक पिना एकेक करून बिटशी तपासा. इथे बीप वाजता कामा नये. वाजला तर ते यंत्र तिथेच ठेवून या.

पाचवी, चुंबक. चांगल्या बिटला आत तांबं आणि वर लोखंडाचा थर असतो. त्यामुळे चुंबक थोडं तरी ओढलं जातं. अजिबात ओढलं नाही तर वरचा थर नुसता चमकीचा असण्याची शक्यता मोठी. असं बिट थोड्याच दिवसांत झिजून खड्डे पडतात.

सहावी, ओला स्पंज. स्टेशन सुरू करायला सांगा आणि ३५० अंशांवर ठेवा. हवी तेवढी उष्णता आली की बहुतेक स्टेशनचा छोटा दिवा विझतो किंवा लुकलुकतो. मग बिट ओल्या स्पंजाला टेकवा. बिट थंड होताच दिवा पुन्हा लागला पाहिजे. आकडे दाखवणारं स्टेशन असेल तर आकडा खाली जाऊन परत वर यायला हवा. काहीच बदललं नाही तर समजा, बिट किती तापलंय हे यंत्राला कळतच नाही. बटण फक्त शोभेचं आहे. अशा यंत्रावर एक डाख कच्चा राहतो, तर दुसऱ्या वेळी बल्बच्या पट्टीवरचं तांबंच सुटून येतं.

आता घरचं बघू. यंत्र अस्सल घेतलं, पण बोर्डात अर्थिंगची तारच नसेल तर काय उपयोग? गावात पुष्कळ घरी तीन भोकांचा बोर्ड असतो, पण तिसरं भोक रिकामंच असतं. वायरमनकडून ते तपासून घ्या. जाड पिन कापून प्लग दोन भोकांत बसवू नका. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवा.

आणि बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा.

दुकानदार म्हणेल, "ताई, तुम्हाला यातलं काय कळतंय?" म्हणू दे. आपण मीटर, चुंबक आणि स्पंज पिशवीतून बाहेर काढायचा. खरा माल विकणारा तपासू देतो. जो तपासू देत नाही, त्याला आपण पैसे द्यायचे नाहीत. आम्ही दुसरं स्टेशन असंच पारखून आणलं. आमच्या त्या वहिनी आज त्याच्यावरच काम करतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना नक्की सांगा.